भरताची खोली

शेलूबाजार सोडून कारंज्याच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला प्रसेनजितचा ढाबा लागतो. पाटीवर मात्र त्याच्या बायकोचं नाव आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘पौर्णिमा ढाबा’ आणि खाली लाल रंगात ‘आंबटगोड भरीत’. पाटी रंगवून आली तेव्हा पौर्णिमा पदर तोंडाला लावून हसली होती. लाज वाटली होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं. आपलं नाव इतकं मोठं लिहिलेलं तिने आधी कधी पाहिलं नव्हतं.

ती धनजची. अकोल्याला नर्सिंग शिकली आणि लग्नाआधी कारंज्याच्या एका दवाखान्यात नोकरीलाही होती. सोयरीक जुळताना प्रसेनजितने स्वतःहून सांगितलं होतं, “नोकरी सोडाची काई गरज नाई. शेलूहून कारंज्याले बसा हायेत, जीपा हायेत.” तो तेव्हा स्वतःच जीप चालवायचा. लग्नानंतर जीप विकून त्याने हा ढाबा घेतला. हाताशी माणूस नव्हतं, म्हणून पौर्णिमाने दवाखान्यातून थोड्या दिवसांची सुट्टी घेतली. ढाबा रुळला की परत जायचं, असं ठरलं होतं.

ढाबा काही रुळेना. नवा मोठा महामार्ग सुरू झाला आणि जुन्या रस्त्यावरचे ट्रक कमी होत गेले. शेवभाजी आणि दालतडका तर दर मैलावर मिळतो, त्यासाठी कोण थांबणार? एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून पौर्णिमाने स्वतःच्या जेवणापुरतं धनजच्या पद्धतीचं भरीत करायला घेतलं. मागच्या अंगणात तुरीच्या वाळक्या तुराट्या पेटवल्या. त्यावर वांगी, कांदे आणि लाल कोहळ्याची जाड फोड भाजली. भेदरं, म्हणजे टमाटे, शेवटी निखाऱ्यावर टाकले, कारण ते लवकर फुटतात. प्रत्येक वांग्याला चीर देऊन आत लसणाची पाकळी खोचलेली होती. साली निघाल्या, सगळं एकत्र ठेचलं गेलं. मग लोखंडी कढईत तेल तापलं, त्यात मिरची तडतडली, आणि गुळाचा खडा त्या तेलातच पडला. गूळ फेसाळून तांबूस झाला की कडेकडेने चिंचेचा कोळ सोडायचा. तो वास रस्त्यापर्यंत गेला असावा. तोंड धुवायला थांबलेल्या एका गाडीतल्या बाईने विचारलं, “हे काय करून राह्यले? आमाले भेटन का?”

त्या बाईने जाताना भावाला फोन केला म्हणे. पुढच्या आठवड्यात भाऊ आला, त्याच्यासोबत आणखी दोन गाड्या आल्या. हिवाळा संपायच्या आत लोक मोठा रस्ता सोडून, वाकडी वाट करून भरीत-भाकरीसाठी शेलूला उतरू लागले. प्रसेनजितने पाटी बदलली. पौर्णिमाची सुट्टी लांबली, आणि नंतर ती कशासाठी घेतली होती याचा घरात विषयच निघेनासा झाला.

तिने विषय काढला नाही असं नाही. दर काही महिन्यांनी ती काढायची.

“दवाखान्यात जागा निघाली हाये. धम्मदीपाचा फोन आलता.” धम्मदीपा तिची नर्सिंगची मैत्रीण, अजून कारंज्याच्या त्याच दवाखान्यात होती.

“जाजो ना,” प्रसेनजित म्हणायचा. “मी कुठी नाई म्हन्तो? फक्त हे लगनाचं गर्दीचं निघू दे.”

लग्नसराई जायची, मग सुट्ट्यांची गर्दी यायची, मग दिवाळी. त्याने कधी आवाज चढवला नाही. हात उगारणं तर दूरच. रात्री तो तिच्या धुराने सुजलेल्या डोळ्यांवर गुलाबपाण्याचे बोळे ठेवायचा आणि म्हणायचा, “तुह्या हातानंच हे घर उभं झालं, पौर्णिमा.”

मदतीला संगीता आली, जवळच्या तांड्यावरची. नवरा ऊसतोडीला जायचा, ही म्हाताऱ्या सासूसाठी मागे राहिलेली. भाजण्याचं सगळं काम संगीताने उचललं. पौर्णिमाला वाटलं, आता हिला हळूहळू पुढचंही शिकवू आणि आपण मोकळ्या होऊ. पण त्याच सुमारास पलीकडच्या दौलतरावच्या ढाब्याने यांचा भाकरीवाला फोडून नेला आणि प्रसेनजित हादरला.

“भाकर कोनीई करते,” तो म्हणाला. “पन भरीत गेलं तं आपन गेलो. हे आखरीचं, गूळ-चिंचेचं, कोनाले दाखवाचं नाई. संगीतालेई नाई.”

मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात खताची पोती ठेवायची एक खोली होती. ती झाडून घेतली, पत्र्याचं दार बसवलं, भिंतीत पंखा लावला, आत गॅस ठेवला. संगीता भाजलेल्या भाज्यांचं घमेलं दारात आणून ठेवायची. पौर्णिमा ते आत ओढून घ्यायची आणि पत्र्याचं दार लावून साली काढायची, ठेचायची, फोडणी द्यायची. खिडकी होती, पण ती रस्त्याच्या बाजूला उघडायची, म्हणून पुठ्ठा ठोकून बंद केलेली. दाराबाहेर बाजेवर सासू बसायची, लिलाबाई. तिचे गुडघे गेलेले होते. तिला ढाब्यावर दुसरं काही जमत नव्हतं, राखणीला बसणं जमायचं.

“मामी, जीव घाबरते आतमधी,” पौर्णिमाने एकदा सासूला सांगून पाहिलं.

लिलाबाई सुपारी कातरत होती. तिने हात थांबवला. “उन्हात निंदाले गेली हायेस कधी? मी लेकराले धुऱ्यावर टाकून दिवसभर निंदाची. मालकाच्या घरचं पानी मांगाची सोय नव्हती. तुले सावली हाये, पंखा हाये, नवरा दारू पेत नाई, पाटीवर नाव हाये. आन तुह्या जीवाले काय झालं व?”

ती हे टोचून बोलत नव्हती. खरंच विचारत होती. पौर्णिमाने दार लावून घेतलं.

आतमध्ये पत्रा तापायचा. पंख्याची घरघर इतकी की बाहेरचं बोलणं ऐकू यायचं नाही, फक्त ट्रक गेला की भांडी थरथरायची. कधीकधी काम संपल्यावरही ती तशीच बसून राहायची, कारण पुढचं घमेलं येणारच असायचं. अशा वेळी ती मनातल्या मनात औषधांची नावं म्हणायची, कशावर काय आणि किती. एक दिवस मध्येच एक नाव आठवेना. ती जिभेच्या टोकापर्यंत आलेलं ओढून काढायचा प्रयत्न करत राहिली. ते आलं नाही. फोन बघून नाव सापडलं असतं, पण तिने पाहिलं नाही. तिला भीती वाटली की आणखी किती गेलं आहे ते कळेल.

फेब्रुवारीत ती गोष्ट घडली.

दुपारची जेवणाची वेळ होती. एका वऱ्हाडाची गाडी थांबली होती आणि समोरचं सगळं अंगण भरलेलं होतं. पौर्णिमा आत कढईपाशी. पंखा चालू असूनही तिला समोरून एकदम वेगळाच गलका ऐकू आला. भांडणाचा आवाज निराळा असतो आणि घाबरलेल्या माणसांचा निराळा. दवाखान्यात काम केलेल्याला तो कळतो. तिने गॅस बंद केला, पंखा बंद केला. आता बाईचा आवाज स्पष्ट आला, “बाबा! बाबा, डोळे उघडा ना!” आणि दुसरं कोणी तरी ओरडलं, “पानी पाजा त्याइले, पानी आना!”

पौर्णिमाने दार ढकललं. ते हललं, पण उघडलं नाही. बाहेरून कडी होती.

“मामी!” तिने हाक मारली. “मामी, कडी काढा!”

बाजेवर कोणी नव्हतं. फटीतून रिकामी बाज तेवढी दिसत होती.

“पानी पाजू नका!” ती ओरडली. “त्याइले कुशीवर घ्या! तोंडात पानी टाकू नका!” तिने पत्र्यावर मुठी आपटल्या, मग पळी घेऊन आपटली. पत्रा एवढा वाजत होता की तिचाच आवाज तिला ऐकू येईना. समोर सगळेच ओरडत होते. ढाब्याच्या मागे कोणी पत्रा वाजवतंय, याकडे कोण लक्ष देणार? तिने खिडकीचा पुठ्ठा ओरबाडला. खिळे घट्ट होते. पुठ्ठ्याचा एक कोपरा फाटला आणि त्या भोकातून तिला दिसलं. समोरच्या अंगणात एक म्हातारा उताणा पडलेला होता, पांढरं धोतर, नवा कोरा सदरा. एकाने त्याचं डोकं धरलं होतं आणि दुसरा स्टीलच्या जगाने त्याच्या तोंडात पाणी ओतत होता. त्यांच्या शेजारी प्रसेनजित उभा होता, हातात आणखी एक जग भरून.

“नका पाजू!” तिने त्या भोकाला तोंड लावून हाक दिली. एक बाई वळून इकडेतिकडे पाहू लागली, पण आवाज कुठून येतोय ते तिला कळलं नाही. तेवढ्यात चार जणांनी म्हाताऱ्याला उचललं आणि गाडीत घातलं. गाडी मंगरुळपीरच्या बाजूला गेली.

संगीता रिकामं घमेलं न्यायला मागे आली तेव्हा तिने कडी काढली. पौर्णिमा दारातच बसलेली होती. नखं फाटून रक्त आलं होतं.

“मायबाई! ताई, तुमी आतमधी होत्या?” संगीता म्हणाली. दुसरीकडे कुठे असणार होती ती?

थोड्या वेळाने लिलाबाई मागच्या शेताकडून पाय ओढत आली. ओच्यात मेथीची कोवळी भाजी होती. झालेलं कळलं तेव्हा ती बाजेवर मटकन बसली.

“कुत्रं शिरते म्हनून लावली व कडी,” ती म्हणाली. “त्या दिवशी घमेल्यात तोंड घातलं नव्हतं का त्यानं? मी काय तुले कोंडाले लावली? जरासी भाजी खुडाले गेली, लगेच येतो म्हटलं.”

पौर्णिमाला माहीत होतं की हे खरं आहे. म्हातारीने कुत्र्यासाठी कडी लावली होती. प्रसेनजितने दौलतरावच्या धास्तीने दार बसवलं होतं. आणि रोज सकाळी त्या दारातून आत जाऊन ते ओढून घेणारी ती स्वतःच होती. कोणावर ओरडावं, हेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. म्हाताऱ्याची साखर उतरली होती, म्हणून चक्कर आली. ते लगेच सावरलं असतं, पण पाणी छातीत गेलं आणि आता तो ऑक्सिजनवर आहे. आणखी काही दिवसांनी कळलं की वाचला. प्रसेनजित धावत मागे आला.

“वाचला व! घरी गेला मानूस. सुटलो बापा एकडावचे.”

“तुमच्या हातात जग होता,” पौर्णिमा म्हणाली.

“मले काय मालूम पानी पाजाचं नसते म्हनून? सारेच पाजत होते.”

“मले मालूम होतं.”

तो दाराकडे वळून म्हणाला, “कडी काढून टाकतो मी. दाराले आतूनच कडी ठेवू.” त्याला वाटलं, एवढ्याने मिटेल. त्याच संध्याकाळी त्याने पकडीने कडी उपटलीही. पौर्णिमा पाहत होती. त्याचा तो भाबडा, घाईचा प्रयत्न पाहून तिला रडू आलं, आणि याच्यापुढे आपण नेहमी असेच हरतो, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

रविवारी सकाळी ती खोलीत गेलीच नाही. तिने लोखंडी कढई उचलली आणि समोरच्या अंगणात आणली, कडुनिंबाखाली. तीन विटा मांडून जाळ केला. गुळाची ढेप, चिंचेचा कोळ, मिरच्या, ठेचून ठेवलेलं भरीत, चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, सगळं परातीत घालून उघड्यावर ठेवलं.

“संगीता, इकडे ये. बस अथी.”

“ताई, दादा रागावतीन.”

“रागाऊ दे. तू कढईत पाह्य, माह्या तोंडाकडे पाहू नको.”

खाटांवर बसलेले लोक माना वळवून पाहू लागले. दोन बायका उठून जवळच आल्या. एका पोरीने मोबाइल धरला. पौर्णिमा मोठ्याने सांगत होती, लपवण्यासारखं काही नसल्यासारखी. “गूळ आधी तेलात. कोळात कालवाचा नाई, मंग चव पानचट होते. असा फेस आला पाह्यजे. आता रंग पाह्य, पालटला ना? आता चिंच. मधोमध नाई ओताची, काठानं सोडाची, नाई तं उडते अंगावर. आता भरीत टाक. तू टाक, मी नाई.”

संगीताने टाकलं. चर्र आवाज झाला आणि वास उठला. कोणी तरी टाळी वाजवली.

प्रसेनजित हातात भाकरीची टोपली घेऊन मधोमध उभा होता. गिऱ्हाइकांसमोर त्याला काही बोलता येत नव्हतं. तो हसत होता, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर दौलतरावचा माणूस सिगारेट विझवून सरळ उभा राहिला होता.

गर्दी ओसरल्यावर त्याने तिला मागे गाठलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

“घर बुडवलं तू! सारं उघड्यावर मांडलं. उद्या दौलतरावई भरताची पाटी लावन!”

“लावू द्या.”

“आन आपन काय कराचं? मी जीप चालवू परत? लोकाच्या गाडीवर?”

“मी कारंज्याले जाऊन राह्यली. धम्मदीपाले फोन केला. एक तारखेपासून.”

“मले न इचारता?”

“लगनापासून इचारूनच राह्यली ना जी,” ती म्हणाली. “तुमी नाई कधी म्हटलंच नाई. नाई म्हटलं असतं तं बरं झालं असतं.”

हे वाक्य त्याला कळलं नाही, हे तिला दिसत होतं. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. जेवण वाढलं की जेवायचा, विचारलं की हूं म्हणायचा.

एक तारखेच्या आदल्या दिवशी सगळं भरीत संगीताने एकटीने केलं. पौर्णिमा काउंटरपाशी उभी राहून ताटं जाताना पाहत होती. तिला वाटत होतं, लोक उठतील, म्हणतील, आज काही तरी चुकलंय. दर आठवड्याला येणारा अकोल्याचा एक व्यापारी हात धुवून तिच्यासमोर आला.

“वहिनी, आज तं कमालच केली. एक नंबर.”

“हाव,” ती म्हणाली.

कोणालाच काही कळलं नव्हतं. एकालाही नाही. ती मोकळी होती. तरी मागे जाऊन तिने नळाखाली तोंड धुतलं आणि बराच वेळ धूतच राहिली.

कारंज्याचा दवाखाना वाढला होता. सगळं काही संगणकावर होतं. तिच्याहून कितीतरी लहान मुली तिला काम सांगायच्या आणि वर ताई म्हणायच्या. पहिल्याच आठवड्यात एका बाईची शीर तिला सापडेना. दोनदा टोचलं, बाई कळवळली. शेवटी धम्मदीपाने येऊन तिच्या हातातून सुई घेतली. पौर्णिमा औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. चार भिंती, एक पंखा. तिला वाटलं, इथेही आपण दार लावून घेतलं तर कोणाला कळणार नाही. मग बाहेरून धम्मदीपाने हाक मारली, “पौर्णिमा, सात नंबरले ये, आता तू टोच. मी उभी राह्यतो बाजूले.” ती गेली. या वेळी शीर सापडली.

सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी परत. दौलतरावनेही भरीत सुरू केलं. काही गिऱ्हाइकं तिकडे गेली, काही परत आली. ढाबा बुडाला नाही, पण पूर्वीसारखाही राहिला नाही. प्रसेनजितचं मौन मात्र तसंच होतं.

एप्रिलच्या एका दुपारी दवाखान्याच्या दारात शेलूची जीप थांबली. प्रसेनजित संगीताला धरून आत आणत होता. तिचा उजवा हात कोपरापर्यंत लाल होता, जागोजागी गुळाचा पाक चिकटून काळा झालेला. गर्दीच्या घाईत तिने कोळ मधोमध ओतला होता.

“शेलूत दवाखाना नव्हता का?” धम्मदीपाने विचारलं.

“हे अथी हाये ना,” प्रसेनजित म्हणाला आणि पौर्णिमाकडे बोट केलं. कितीतरी दिवसांनी तो तिच्याबद्दल काही बोलला होता.

पौर्णिमाने संगीताचा हात नळाखाली धरला. पाणी बराच वेळ वाहू दिलं, पाक आपसूक सुटू दिला, ओढला नाही. संगीता ओठ चावत होती. तिच्या केसांना तोच धुराचा वास येत होता. पौर्णिमाला वाटलं, आपण हिला आपल्या जागी नेऊन उभं केलं आणि बसमध्ये बसून निघून आलो. डॉक्टरांनी पाहिलं, मलम लिहून दिलं. पट्टी पौर्णिमाने बांधली. हात भरून यायला वेळ लागणार होता.

प्रसेनजित पलंगाशी आला. घाबरलेला, धुराने काळवंडलेला. “पौर्णिमा, हिचा हात बरा होइस्तोवर तू ये ना. थोडेच दिवस. लगनाचं गर्दीचं निघू दे फक्त.”

तेच शब्द. तोच मऊ आवाज. आणि समोर संगीताचा पट्टीतला हात. पौर्णिमाच्या तोंडात हो येऊन थांबलं होतं. एकदा तोंडातून निघालं की पुढचं सगळं कसं होईल, हे तिला पाठ होतं. तरी ते निघणारच होतं.

“ताई, तुमी येऊ नका,” संगीता म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

“तुमी आल्या तं मंग परत जानं होत नाई. मी पाह्यलं ना तुमाले.” तिने मान खाली घातली आणि प्रसेनजितला म्हणाली, “दादा, तुमी करा. मी बाजूले बसून सांगतो. तोंड तं भाजलं नाई माहं.”

“मी?” प्रसेनजित म्हणाला. त्याला हे आजवर सुचलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. “मले कुठी येते?”

“मलेई येत नव्हतं,” संगीता म्हणाली.

पौर्णिमाने हातमोजे काढले. “तुमी करा,” ती म्हणाली. “मी येत नाई.” तिने हातमोजे कचऱ्याच्या डब्यात टाकले. “आन हिच्या रोजाचे पैसे चालू ठेवजा, हात बरा होइस्तोवर.”

तो संगीताला घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बसमधून उतरली तेव्हा ढाब्यासमोर दोनच गाड्या होत्या. मागच्या अंगणात प्रसेनजित तुराट्यांच्या राखेपाशी उकिडवा बसलेला होता. डोळे लालभडक, मनगटावर लहानसा फोड. संगीता तांड्यावर परत गेली होती. लिलाबाई बाजेवर बसून तोंड दाबून हसत होती.

“दोन घमेले फेकले त्यानं आज,” ती म्हणाली. “एक कोळसा झालं, दुसऱ्यात गूळच टाकला नाई. गिऱ्हाईक उठून गेले. अन घाम तं असा, जसा कोनी पान्यातून काढला.”

प्रसेनजितने एक ताटली पुढे केली. भाकरी, कांदा आणि त्याचं भरीत. पौर्णिमा पायरीवर बसली. दिवसभर उभी होती, भूक लागली होती. तिने घास घेतला. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

“कसं झालं?”

चांगलं झालं, असं म्हणणं सोपं होतं. या माणसाला ती वर्षानुवर्षं असंच काही तरी म्हणत आली होती.

“आंबट झालं. आन मीठच नाई.”

त्याने मान हलवली. उठला, मीठ आणून तिच्या ताटलीच्या कडेला ठेवलं आणि परत बसला. त्याने मनगटावरच्या फोडावर फुंकर घातली.

“चिंच किती घेत होती तू?”

“मोजली नाई कधी. उद्या थोडी कमी घेजा.”

“मीठ आधी का मंग?”

“ठेचतानाच. मंग टाकलं तं मुरत नाई.”

तो ओठातल्या ओठात ते पुन्हा म्हणाला, विसरू नये म्हणून. लिलाबाईने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. पौर्णिमाने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला आणि ताटलीतलं सगळं भरीत संपवलं. सकाळची बस लवकर होती.